ऐकून घेण्याचे शिक्षण

वाचकहो, तुमच्या घरातली मुलगी यंदा बी.ए. झाली असेल आणि 'मला पुढे समुपदेशन शिकायचे आहे' असे म्हणत असेल, तर घरात पहिला प्रश्न कोणता निघतो हे सांगायला ज्योतिषी नको. "म्हणजे लोकांशी बोलायचेच ना? त्याला आणखी दोन वर्षे कॉलेज कशाला? आपली आजी कुठे शिकली होती? सारा गाव तिच्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायचा."

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुलीला देता येत नसेल तर तिने घाईने नाव घालू नये, असेच मी म्हणेन. म्हणून आज या शिक्षणाकडे जरा जवळून पाहू. दुःखी, आजारी किंवा मरणाच्या दारी असलेल्या माणसाजवळ बसणे, त्याचे ऐकणे, त्याच्या मनाला आणि श्रद्धेला आधार देणे, याचे हे पदव्युत्तर शिक्षण आहे. कॅनडात टोरंटोच्या इमॅन्युएल कॉलेजात आध्यात्मिक आधार आणि मानसोपचार हे दोन्ही एकत्र शिकवतात, आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जोडीला मुसलमान आणि बौद्ध विद्यार्थीही तिथे बसतात. आपल्याकडे या एकाच घराला अजून दोन-तीन वेगवेगळ्या दारांनी शिरावे लागते. ती दारे कुठली ते पुढे येईलच.

आधी आजीचेच बघू. आजी सगळ्यांना ओळखत होती. सुनेच्या माहेरी जमीन किती, सासऱ्याचा स्वभाव कसा, नवरा कुठल्या वाटेला लागला आहे, हे तिला न सांगता कळे. भिवंडी तालुक्यात आता तो काळ राहिला आहे का? जिथे भाताची खाचरे होती तिथे गोदामांच्या रांगा लागल्या. जमिनीचे पैसे आले, भावाभावांत वाटले गेले, काहींचे मार्गी लागले, काहींचे बाटलीत गेले आणि काहींचे कोर्टात अडकले. समृद्धी महामार्ग आमणे गावापर्यंत आला आणि ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. शहरात मागांवर उत्तर प्रदेशातले, बिहारमधले, तेलंगणातले कामगार पिढ्यान्‌पिढ्या राबताहेत. वीटभट्टीवर कातकरी कुटुंब सहा-सहा महिने पाल ठोकून राहते. यांतल्या किती जणांजवळ आजी आहे? आणि जिथे आजी आहे तिथे पुष्कळदा दुखणे तिच्याच घरातले असते. सुनेने सासूचे गाऱ्हाणे सासूकडेच न्यायचे की काय!

आणखी एक. आजीला सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी पाणवठ्यावर पोचायची. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे.

शेतावरचा मुलगा

या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत एक माणूस शेतावर वाढलेला होता, हे तुम्हाला आवडेल. कार्ल रॉजर्स त्याचे नाव. जन्म १९०२, अमेरिकेत शिकागोजवळ. तो बारा वर्षांचा असताना वडिलांनी शहर सोडून शेत घेतले. पोराने कोकरे पाळली, डुकरे पाळली, वासरे वाढवली. चौदाव्या वर्षी त्याने जनावरांच्या खाद्यावरचा मॉरिसन यांचा जाडजूड ग्रंथ वाचून काढला. सारख्या जनावरांचे दोन गट करायचे, एकाला नेहमीचे खाद्य द्यायचे, दुसऱ्याला नवे, आणि फरक तराजूवर बघायचा, ही पद्धत तो त्या पुस्तकातून शिकला. कृषी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकाला गेलेल्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने शेतकीलाच नाव घातले. मग १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी चीनला गेला, तिथे नाना देशांची माणसे भेटली आणि मनातल्या जुन्या समजुती सैल झाल्या. धर्मगुरू व्हावे म्हणून न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयात तो दोन वर्षे शिकला. तेही सोडले आणि समोरचा रस्ता ओलांडून शिक्षकांच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेला. शेतकी, धर्म आणि मन, अशा तीन बांधांवरून चाललेला हा माणूस. १९४२ साली त्याचे पुस्तक निघाले, त्याचे नावच 'समुपदेशन आणि मानसोपचार' या अर्थाचे होते.

रॉजर्सचे म्हणणे असे होते की समोरच्याचे भले कशात आहे हे ऐकणाऱ्याने ठरवू नये. वाढण्याची ओढ त्या माणसात असतेच, तिला हवा-उजेड मिळेल असे करावे. लहानपणी घराच्या तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेले बटाटे त्याला आठवत. अंधारात पडलेल्या त्या बटाट्यांनाही फिकट मोड फुटत आणि ते मोड लांबच्या बारक्या खिडकीकडे वळत. त्यांचे झाड होणार नव्हते, तरी ते उजेडाकडे जात होते. माणसाचे वाकडेतिकडे वागणेही पुष्कळदा असे मोड असते, असे तो सांगे.

हे नुसते सुंदर बोलणे म्हणून सोडून देता आले असते. पण खाद्याचा प्रयोग शिकलेला मुलगा तो. त्याने परवानगी घेऊन आपल्या भेटींतले संभाषण तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केले आणि विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पुन्हा ऐकले. मी कुठे बोललो, कुठे गप्प राहायला हवे होते, कुठे माझ्या शब्दाने समोरच्याने तोंड मिटले, हे त्यातून तपासले. आजीच्या आणि याच्या कामात फरक पडतो तो इथे. आजीचे चुकले तर तिला सांगणारा कुणी नव्हता.

खाटेजवळची शाळा

दुसरा माणूस अँटन बॉइसेन. हा ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. १९२० मध्ये त्याचे स्वतःचे मन बिघडले आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तिथे त्याच्या ध्यानात आले की डॉक्टर रुग्णाच्या देवाधर्माच्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत आणि धर्मोपदेशक रुग्णाच्या मनाकडे बघत नाहीत. मधल्या मधे माणूस एकटा राहतो. बरा झाल्यावर १९२४ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून लागला, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशिक्षण घेणारे चार विद्यार्थी त्याने वॉर्डात आणले. धर्मग्रंथ जसे ओळीओळीने वाचता तसे या माणसांना वाचा, असे त्याचे सांगणे असे.

रुग्णाच्या खाटेजवळ शिकण्याची ही रीत त्यातून वाढली आणि आज जगभर चालते. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ती आहे. तिची एक सवय मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी रुग्णाला भेटतो आणि परत आल्यावर दोघांचे बोलणे आठवून शब्दशः लिहून काढतो. मग ते गुरूपुढे आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांपुढे वाचायचे. बिचाऱ्याची चांगली सोलपटणी होते.

समजा, तुमची मुलगी अशा वर्गात आहे. तिने एका म्हातारीशी झालेले बोलणे लिहून आणले आहे. म्हातारीचा कर्ता मुलगा गेला. ती विचारते, "बाय, देवाने माझ्याच घरावर का घाव घातला?" मुलीने उत्तर दिले, "आजी, देवाची इच्छा, आपल्या हातात काय आहे?" आणि त्यानंतर म्हातारी मुकाट बसली. गुरू विचारतात, "हे उत्तर तू कुणासाठी दिलेस? म्हातारीसाठी, की तुला ते ऐकवेना म्हणून?" मुलगी खाली बघते. तिच्या डोळ्यांपुढे तिची स्वतःची आजी असते, किंवा दोन वर्षांपूर्वी गेलेले वडील असतात. मग वर्गात चर्चा होते की काय म्हणता आले असते. कदाचित एवढेच, की "देवावर राग येतो का तुमचा?" असे विचारल्यावर म्हातारी रडली असती, देवाला चार शिव्या दिल्या असत्या, आणि मग आपणच म्हणाली असती की संध्याकाळी दिवा लावायचे मी सोडून दिले आहे, तो लावावासा वाटतो. दिवा लाव असे मुलीने सांगायचे नाही. लावू नको असेही सांगायचे नाही.

दोन वर्षे कॉलेज कशाला, याचे उत्तर या एका पानात आहे.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्ही ऐकून असाल. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. तिथे व्यसनातून बाहेर आलेले कितीतरी जण पुढे कार्यकर्ते म्हणून उभे राहिले. बॉइसेनची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच जातीची आहे. मात्र स्वतः सोसले म्हणजे दुसऱ्याला सावरता येतेच असे नाही. आपल्या जखमेवर दुसऱ्याचे औषध शोधणारा मदतनीस रुग्णाला जड होतो. म्हणून शिक्षण घेणाऱ्याने आपले मन आधी कुणापाशी तरी मोकळे करावे, अशी या विद्येत अपेक्षा असते.

श्रद्धा कुणाची?

इथे आपल्या भागातला खरा प्रश्न येतो. भिवंडीत एका गल्लीत हरिपाठ चालतो आणि दुसऱ्या गल्लीत अजान होते. दिवाणशाह दर्ग्यावर जाणाऱ्यांत सगळेच असतात. तालुक्यातच वज्रेश्वरी आहे, चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर बांधविलेले देऊळ आहे, तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. गणेशपुरीला भगवान नित्यानंद १९६१ मध्ये समाधिस्त झाले, आणि पुढे स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमात साऱ्या जगातून माणसे येऊ लागली. त्यांत मनाचे शास्त्र शिकलेली पाश्चात्त्य मंडळीही होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये स्टॅनिस्लाव ग्रॉफ या मानसोपचारतज्ज्ञाने मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, विषय होता प्राचीन ज्ञान आणि आधुनिक विज्ञान, आणि तिच्यात स्वामी मुक्तानंदांबरोबर मदर तेरेसाही बोलल्या. तेव्हा मन आणि अध्यात्म यांची सांगड ही काही परदेशातून आलेली नवी टूम आहे असे भिवंडीकरांनी समजू नये. तिची एक वाट तुमच्या बांधावरून गेली आहे.

पण गुरूचे काम आणि समुपदेशकाचे काम एक नव्हे. गुरू आपला मार्ग दाखवतो. कीर्तनकार आपल्या विठ्ठलाकडे नेतो, मौलवी आपल्या कुराणाकडे नेतो, आणि त्यात गैर काही नाही, लोक त्यासाठीच त्यांच्याकडे जातात. आध्यात्मिक आधाराचे शिक्षण घेतलेला माणूस मात्र समोरच्याची श्रद्धा समोरच्याच्याच हातात राहू देतो. वारकरी घरातली मुलगी मोमीन विणकराच्या खाटेजवळ बसली तर तिने त्याला त्याच्या नमाजाबद्दल विचारायचे, स्वतःच्या माळेबद्दल सांगायचे नाही. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला त्याच्या मुलांबद्दल, त्याने लावलेल्या आंब्याबद्दल विचारायचे. माणसाला कशाने बळ येते तेवढे शोधायचे. हे बोलायला सोपे आणि करायला फार कठीण आहे. माझ्या मते साऱ्या अभ्यासक्रमातला सर्वांत कठीण धडा हाच.

भिवंडीला हा धडा एकदा मोठ्या प्रमाणावर गिरवावा लागला आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळले. १९८८ च्या सुमारास इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि बीटवरचा पोलीस एकत्र बसू लागले, एकमेकांच्या तक्रारी तोंडावर ऐकू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्या म्हणजे मानसोपचार नव्हता, पण दुसऱ्या धर्माच्या माणसाचे दुःख मधे न बोलता ऐकून घेण्याची सवय त्यांनी लावली. त्या गावातली मुलगी या विद्येत मागे पडू नये.

मरणाच्या दारचे काम तर यांतले सर्वांत नाजूक. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे रुग्णालय काढले, जिथे बरे न होणाऱ्यांची अखेरपर्यंत काळजी घेतात. शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, घरच्यांची काळजी आणि 'माझ्या जगण्याला काय अर्थ होता' हा प्रश्न, ही सगळी मिळून एकच वेदना असते, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले, ते भारतातले अशा प्रकारचे पहिले. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत घरी आणलेले माणूस ज्यांनी सांभाळले आहे त्यांना हे काम काय आहे ते कळेल. औषध संपते तिथे ते संपत नाही.

भगत, डॉक्टर आणि समुपदेशक

आता जरा स्पष्ट बोलू. घरात कुणी रात्र-रात्र झोपत नाही, एकटेच पुटपुटते, कुणीतरी आपल्याला मारायला टपले आहे म्हणते, तेव्हा आपल्याकडे आधी काय होते? बाहेरची बाधा बघतात. भगताकडे नेतात, अंगारा होतो, कोंबडे होते, नंतर आणखी लांबच्या भगताचा पत्ता निघतो. वर्ष असेच जाते आणि दुखणे मुरते. देवावरची श्रद्धा ठेवा, नवस फेडा, त्याला कुणाचीच ना नाही. पण डॉक्टरांचे औषध थांबवायला सांगणारा माणूस तुमचे हित बघत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केले आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालवलेल्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जागच्या जागी गेली. ती साखळी घरच्यांनी मायेपोटीच मान्य केलेली असते, हे विसरून चालणार नाही.

अध्यात्माच्या जाणत्या मंडळींनाही ही हद्द ठाऊक आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेसाठी जाणाऱ्यांकडून आधी अर्ज भरून घेतात आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना दहा दिवसांचे शिबिर करू नका असे सांगतात. ध्यान चांगले, पण तापात फणफणलेल्याला कुणी आखाड्यात उतरवत नाही.

मग कोणाकडे जायचे? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन त्यापुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची नोंद १९९२ च्या कायद्याने झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक संसारातले ताण, शोक, व्यसन, परीक्षेची भीती अशा गोष्टींत सोबत करतो, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दिसले की पुढे पाठवतो. पुढे पाठवता येणे ही त्याची पहिली परीक्षा समजा. सगळे मीच बरे करीन म्हणणारा समुपदेशक आणि तसे म्हणणारा भगत यांत मला फारसा फरक दिसत नाही.

भिवंडीकरांना लांब जावे लागत नाही. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली. विचारांची गाठ सोडवून भावना सावरण्याची अल्बर्ट एलिस यांची पद्धत आणि आपले अध्यात्म यांची सांगड घालून ते वर्षानुवर्षे मराठीत बोलत-लिहीत आले आहेत. एलिस यांची ती पद्धत मराठी मुलखात रुजवण्याचे श्रेय मुंबईचे कि. मो. फडके यांना जाते. शिकणाऱ्या मुलीने या दोघांचे लिखाण आधी वाचावे, प्रवेशाचे नंतर बघावे. आणि रात्री-अपरात्री कुणाच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे येत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. भिंतीवर कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा.

कुठे शिकावे

वर म्हटलेली दोन-तीन दारे अशी. पहिले दार विद्यापीठाचे. मानसशास्त्र किंवा समुपदेशन या विषयात दोन वर्षांची एम.ए. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ ची, आणि तिथे समुपदेशनाचे शिक्षण चांगले मानले जाते. दुसरे दार ख्रिस्ती धर्मविद्यालयांचे, उदाहरणार्थ पुण्यातले युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे १९८३ पर्यंत यवतमाळला होते. तिथे आधाराचे काम धर्मसेवेचा भाग म्हणून शिकवतात, ते त्या सेवेत जाणाऱ्यांसाठी. तिसरे दार रुग्णालयांचे आणि सेवाभावी संस्थांचे, जिथे पदवीनंतर हाताखाली राहून काम शिकता येते. एम.ए. विद्यापीठात करायची आणि आध्यात्मिक आधाराचे काम कॅन्सरच्या किंवा व्यसनमुक्तीच्या केंद्रात शिकायचे, हा मार्ग आपल्या मुलींना मला सगळ्यांत बरा वाटतो.

घरबसल्या टपालाने किंवा मोबाईलवर मानसशास्त्राची पदवी घेण्याचा विचार असेल तर थांबा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून हा विषय दूरशिक्षणाने शिकवायला बंदी केली आहे. तरी 'तीन महिन्यांत समुपदेशक व्हा' अशा जाहिराती येतच राहतील. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यक्षेत्रातल्या समुपदेशकांचीही नोंदणी व्हायची आहे, आणि तेव्हा असले कागद चुलीत घालण्याच्या लायकीचे ठरतील. संस्थेत गेल्यावर इमारत बघू नका. माणसांबरोबर प्रत्यक्ष बसण्याचे तास किती आणि त्या कामावर कोण देखरेख करते, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना कारकून गोंधळला तर चहा पिऊन परत या.

पगाराचे खोटे चित्र रंगवत नाही. शाळा, एड्स तपासणी केंद्रे, व्यसनमुक्ती केंद्रे, महिला समुपदेशन केंद्रे अशा ठिकाणी काम मिळते, पुष्कळदा करारावर. सुरुवातीला गोदामातल्या सुपरवायझरला जास्त मिळेल.

घरच्यांनो, एवढे सांभाळा

मुलगी शिकायला लागली की तिच्यात बदल दिसेल. पूर्वी बडबड करणारी पोर घरी आल्यावर तासभर गप्प बसेल. तिला लगेच भाजी निवडायला बोलावू नका. दिवसभर दुसऱ्याचे रडणे ऐकून आलेले माणूस असते ते.

"आज कोण आले होते गं? शेजारच्या गावच्या पाटलांची सून म्हणे येते तुझ्याकडे?" असे चुकूनही विचारू नका. ती सांगणार नाही आणि सांगणे तिला शोभणारही नाही. गावात हे फार अवघड जाते. लग्नकार्यात तीच सून समोर येईल, तुमची मुलगी ओळख दाखवेल पण जास्त बोलणार नाही, आणि मागून लोक तिला आखडू म्हणतील. म्हणू द्या. तिच्या तोंडाला कुलूप आहे हे चारचौघांना एकदा कळले की तिच्याकडे येणाऱ्यांना भीती राहत नाही.

नात्यातले भांडण तिच्यापुढे ठेवू नका. "तू एवढी शिकलीस, काकाला समजाव" ही गळ हमखास घातली जाते. स्वतःच्या घरातल्याचे समुपदेशन करू नये असा नेम आहे, तिने नकार दिला तर शिष्टपणा समजू नका, दुसऱ्या कुणाचे नाव विचारा. तिच्या सासरच्या लोकांनाही लग्नाच्या बोलाचालीतच हे सांगून ठेवलेले बरे.

टाटा संस्थेसारख्या ठिकाणच्या एम.ए.साठी हल्ली सीयूईटी ही देशभराची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरून घेतले गेले आहेत, म्हणजे आपली भाताची झोडणी उरकते त्याच सुमारास. खळ्यावरून आल्यावर संध्याकाळी मुलीला बसवून विचारा, अर्जाची तारीख कुठली, आणि जातीचा दाखला काढला आहे का.